बिनलोण्याचं आयशिंग

माले गावात तुळजाबाईचं घर विचारलं तर कुणीही सांगत असे, "त्ये काय, कोऱ्या च्याच्या म्हातारीचं." म्हातारी म्हणावं इतकं तिचं वय झालेलं नव्हतं. पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे असेल. पण नवरा गेलेला, एकुलती एक पोरगी असून नसल्यासारखी, आणि वर ही बाई चहात दूध घालत नाही; एवढं जमून आलं की गाव बाईला म्हातारी करून मोकळं होतं. गावाचं त्यात काय जातं?

"दुदानं पित्त व्हतंय," असं ती सगळ्यांना सांगायची. शेजारची गोजराबाई तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. तिच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या, आणि शेजारीण वाटीभर ताकसुद्धा घेत नाही हा तिला आपल्या म्हशींचा अपमान वाटे. "दुदानं पित्त जातं गं बये, व्हत न्हाई," ती म्हणे. तुळजाबाई हसून विषय बदलायची. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुणीतरी तिला वेळेवर वेड्यात काढलं असतं, आणि बरंच झालं असतं.

खरं कारण म्हणजे जया, तिची पोरगी.

तुळजाबाईच्या सासरची निम्मी भातखाचरं तिच्या लग्नाआधीच धरणाच्या पाण्याखाली गेली होती. उरलेली कोंडीराम, म्हणजे तिचा नवरा, बघायचा. घराण्याचा ताठा मात्र बुडालेला नव्हता, तो सगळा कोरडा शिल्लक होता. तरीही ती धरणावरच्या वसाहतीत एका साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. साहेबांची बाई गोव्याकडची, ख्रिश्चन. त्या घरातलं ताट उचलल्यानं, तिथला चहा प्यायल्यानं तुळजाबाईला विटाळ होत नसे. तिथं महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता, आणि पगाराला विटाळ नसतो, एवढी समज आपल्याकडे सगळ्यांनाच आहे.

त्या बाईसाहेबांनी तिला केक शिकवला. भट्टी नव्हती. मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यावर केकचा डबा ठेवायचा, वरून झाकण आणि झाकणावर निखारे. केक निवला की त्याच्यावर आयसिंग. म्हशीचं पांढरंशुभ्र लोणी गार पाण्यात धुऊन धुऊन घ्यायचं, पिठीसाखर वस्त्रगाळ करायची आणि हात भरून येईपर्यंत दोन्ही एकत्र फेसायचं. साहेबांच्या पोरांचे वाढदिवस असत, नाताळ असे. तुळजाबाईचा हात त्यात असा बसला की बाईसाहेब नुसत्या खुर्चीवर बसून बघत.

जया तेव्हा चार-पाच वर्षांची. आईबरोबर जायची आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहायची. केक तिच्या वाट्याला येत नसे. तो साहेबांच्या पोरांचा. तिच्या वाट्याला यायचं फेसलेलं भांडं. बोटानं निपटून ती ते असं चाटायची की घासायला काही उरू नये. आयसिंग हा शब्द तिला ऐकू यायचा आयशिंग. आणि आयशिंग म्हणजे आयशीचं, आपल्या आईचं, असा तिनं आपल्यापुरता अर्थ लावून ठेवला होता. "केक सायबाचा आन् वरचं आयशीचं," असं ती घरी बापाला समजावून सांगायची. कोंडीराम हसायचा. तुळजाबाई म्हणायची, "तुझ्या लग्नात करीन बग मोठा केक." साहेबांची बदली झाली, बंगल्याला कुलूप लागलं, आणि तो केक व्हायचा राहून गेला.

लग्नातही झाला नाही. जयानं लग्न केलं ते घरात कुणाला न विचारता, आणि केलं ते वाल्मीकशी. वाल्मीक गावातल्याच बौद्धवस्तीतला. हुशार पोरगा, पुण्यात एका कारखान्यात फिटर लागलेला. त्याची आई सारजाबाई तुळजाबाईच्या खाचरात लावणीला यायची. दोघं लग्न करून गावात आली त्या दिवशी कोंडीराम दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आमची पोरगी मेली." एवढंच म्हणाला. तुळजाबाई त्याच्या मागं, दाराच्या आत उभी होती. जयानं बापाकडे बघितलंच नाही. तिनं बापाच्या खांद्यावरून आईकडे बघितलं. तुळजाबाईच्या ओठांवर एक शब्द आला नाही. जया थोडा वेळ थांबली, मग वळून गेली.

त्या संध्याकाळी तुळजाबाईनं देव्हाऱ्यातल्या देवीच्या टाकापुढं हात जोडून सांगितलं, "जया ह्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई तवर दूद, दही, ताक, लोनी, तूप, ज्याला ज्याला ह्ये नाव हाय, त्ये म्या तोंडाला लावणार न्हाई." देवीला पळवाट राहू नये म्हणून तिनं सगळी नावं नीट घेतली होती. पण नावं घेऊन देवीला बांधायला जावं तर आधी आपणच बांधले जातो, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

जया कुठं परदेशी गेली नव्हती. पौड रस्त्यावरच्या भुकूमला दोन खोल्या घेऊन राहिली होती. सारजाबाईही लेकाकडे राहायला गेली. एस.टी.त बसलं की पौड, पिरंगुट, घाट चढून उतरला की भुकूम. तुळजाबाई पौडच्या बाजारापर्यंत जायची आणि तिथून माघारी यायची. कोंडीरामचा धाक होता, दिराच्या घरची तोंडं होती, गाव होतं. आणि मनाशी एक समाधानही होतं, की मी काही हातावर हात धरून बसले नाही, मी पोरीसाठी दूध सोडलंय.

मग कोंडीराम गेला. त्या दिवशी जया आली होती. वस्तीतल्या चार बायकांबरोबर समोरच्या चिंचेखाली पदर तोंडात धरून उभी होती. तुळजाबाई रडणाऱ्या बायकांच्या गराड्यात बसलेली. तिला उघड्या दारातून ती दिसत होती. कुणीतरी "आत ये गं" म्हणायला हवं होतं. ते म्हणायचा मान त्या घरात आता एकट्या तुळजाबाईचाच होता. पण तिला वाटलं दीर म्हणेल, दिराला वाटलं आपण कशाला म्हणा. तिरडी उठली तशी चिंचेखालची जया तिच्या मागून थोडं अंतर चालली आणि फाट्यावरून एस.टी. धरून निघून गेली. उंबऱ्यापर्यंत काही ती पोचली नाही.

त्यानंतरचं घर म्हणजे काय सांगावं. एक भाकरी थापायची, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. कोंबडीशी बोलायचं. रेडिओ लावायचा तो ऐकायला नव्हे, घरात पुरुषाचा आवाज असावा म्हणून. दोन माणसांच्या मापाचा चहा तिच्या हातून रोज सकाळी होई, आणि उरलेला कोरा चहा ती दुपारी गार झाल्यावर पिऊन टाकी. मला आता बोलावणारं कुणी नाही आणि मी कुणाला बोलवावं तर दार माझ्या हातात असून मला उघडता येत नाही, याचं दुःख तिला फार होतं. दूध सोडलेलं होतं, तेवढीच एक सोबत होती.

अशात मार्गशीर्षात, भाताची झोडणी उरकली त्या सुमारास, वाल्मीकचा चुलता भिकू तिला फाट्यावर भेटला. तो अजून वस्तीतच राहायचा. चार पावलं लांब उभा राहून म्हणाला, "तुळजाबाई, जयाचा सांगावा हाय. पोरीचा वाढदिस हाय येत्या आइतवारी, तिसरा. तर म्हनली, आयशीला म्हनावं केक करून आणतीस का. त्येच्यावरचं त्ये... काय म्हंत्यात त्ये, आयशिंग, त्ये घालून."

"पोरीचं नाव काय ठिवलंय?" तिनं विचारलं. नात तीन वर्षांची झाली आणि आजीला नाव ठाऊक नव्हतं.

"संघमित्रा," भिकू म्हणाला.

घरी येईपर्यंत ती ते नाव पुटपुटत होती. संगमिता, संगमित्ता. जीभ वळेना. शेवटी तिनं आपल्यापुरतं मित्रू केलं.

आनंद तिला झाला, पण भाकरीच्या पिठात हात घातला तोच दुसरी गोष्ट मनात आली आणि हात थांबला. केक कापला की पहिला तुकडा पोरगी आजीला भरवणार. आयसिंग लोण्याचं. तो तुकडा तिला खाता येणार नाही. आणि तिनं तोंड फिरवलं, तर त्या घरात, त्या माणसांत, त्याचा अर्थ एकच होणार. पित्त होतं म्हणून सांगितलं तर लहान पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. आमच्या हातचं खात नाही म्हणून तोंड फिरवलं, असंच सारजाबाईला वाटणार. आणि सारजाबाईला तसं वाटायला आधीची कारणं भरपूर होती.

तुळजाबाईच्या घराच्या वळचणीला एक कप असायचा, कान तुटलेला. लावणीच्या दिवसांत सारजाबाई अंगणात येऊन बसली की तो कप स्वतः काढायची, स्वतः विसळायची आणि पुढं धरायची. तुळजाबाई वरून चहा ओतायची, किटली कपाला लागू न देता. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. कुणी कुणाला वाईट बोललं नाही, हसून-खेळून बोलायच्या दोघी. पण तो कप वळचणीलाच राहायचा.

म्हणजे काहीही करून आपल्याला त्या घरात सगळ्यांदेखत खाता यायला हवं, हे तुळजाबाईनं ठरवलं. नवस मोडला तर पोरगी घरी यायची नाही. आणि नाही खाल्लं तर पोरगीच तुटणार. वाट एकच होती, आयशिंग करायचं पण लोणी न घालता.

ती पौडला गेली. वाण्याकडे वनस्पतीचा डबा दिसला. रंगानं पांढरं, लोण्यासारखंच फेसलं जाईल, आणि दुधाचा तर त्यात थेंब नाही. डबा हातात घेऊन तिनं विचारलं, "ह्येला काय म्हनायचं, त्याल का तूप?"

"तूपच की," वाणी म्हणाला. "वनस्पती तूप."

"त्याल न्हाई म्हनता येणार?"

"अवो, तुपाच्या डब्यातनं तुमाला त्याल कुटनं देऊ?"

तिनं डबा परत ठेवला. ज्याला ज्याला हे नाव आहे ते सगळं सोडलेलं होतं, आणि वाण्यानं नाव तर घेतलं होतं. घरी आल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं गोजराबाईला विचारलं, लोण्याबिगर घट्ट पांढरं काय होईल. गोजराबाई म्हणाली, "नारळाचं दूद आटव की." झालं! तिथंही दूधच. सगळी भाषा त्या दिवशी तुळजाबाईच्या वाटेत आडवी पडली होती.

तिला तोड सापडली ती गाठींमुळं. पाडव्याला गुढीवर घालतात त्या साखरेच्या माळा, तिचा मामा पौडला करायचा. लहानपणी ती शेजारी बसून बघायची. पाक कढईच्या काठाला घासला की तो आधी धुरकट होतो आणि मग बघता बघता पांढरा पडतो. त्यात ना लोणी, ना तूप. साखर आणि पाणी आणि मनगट. गाठी कडक होतात. मग पाक थोडा अलीकडे उतरवला आणि कोमट असतानाच घोटला तर मऊ राहील का? करून बघण्याखेरीज उपाय नव्हता.

पहिला घाणा वाया गेला. साखरेला उकळी आली, वर मळी धरली आणि तुळजाबाईचा हात सवयीनं दुधाच्या भांड्याकडे वळला, कारण मळी काढायला पाकात चमचाभर दूध घालतात हे प्रत्येक बाईच्या हाताला माहीत असतं. घरात दूध नव्हतं म्हणून वाचली. दचकून तिनं पाक तसाच आटवला. तो गढूळ झाला आणि घोटताना त्याची वाळू झाली. दुसऱ्या खेपेला तिनं मळी झाऱ्यानं नुसती वर आली तशी काढली, लिंबू पिळलं, वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघितला. बोटात मऊ गोळी वळली तशी कढई उतरवली. परातीवर पाणी शिंपडून पाक ओतला, बोट लावून सोसवेल इतका निवू दिला, आणि लाकडी उलथन्यानं घोटायला घेतला.

खांदे भरून आले. पाक चिकट, मग धुरकट, मग दाट. बऱ्याच वेळानं एकदम, कुणी आतून चुना फासावा तसा, तो पांढरा झाला. तिनं तो कणकेसारखा मळला, ओल्या फडक्याखाली ठेवला आणि मग परातीला लागलेलं बोटानं निपटून जिभेवर ठेवलं. लोण्याचा मऊपणा त्यात नव्हता. पण गोड होतं, लिंबाचा वास होता, जिभेवर विरघळत होतं. आणि तिला ते खाता येत होतं. ती परातीजवळ बसून मोठ्यानं हसली, आणि ते दाखवायला घरात कुणी नाही हे लक्षात आल्यावर तिला रडू आलं.

शनिवारी तिनं वाळूच्या पातेल्यात केक केला. अंडी, मैदा, साखर आणि लोण्याच्या जागी गोडेतेल. रविवारी पहाटेच साखरेचा गोळा गरम पाण्यावर धरून सैल केला आणि केकवर ओतला. कडेनं गुळगुळीत ओघळला. वर तिनं डाळिंबाचे दाणे लावून एक फूल केलं. केक डब्यात, डबा फडक्यात, फडकं मांडीवर. अशी ती एस.टी.त बसली. पौड आलं तसं सवयीनं उतरायला अर्धी उठली आणि परत बसली. त्याच्या पुढं ती पोरीसाठी आजवर कधी गेलेली नव्हती.

भुकूमला थांब्यावर जया उभी होती. थोडी जाड झालेली, कपाळावर केस तसेच. "आलीस," एवढंच म्हणाली आणि डबा आपल्या हातात घेतला. दोघी चालत राहिल्या. काय बोलावं ते दोघींनाही सुचेना, म्हणून रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलल्या.

दोन खोल्यांत माणसं भरलेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, दोन्हींना ताजे हार. वाल्मीक पुढं येऊन पाया पडला. मित्रू नव्या फ्रॉकमध्ये आजीकडे टकामका बघत राहिली. सारजाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. पिकलेली, पण ताठ. तिनं पाणी दिलं, तुळजाबाईनं सगळ्यांसमोर ते गटागटा पिऊन टाकलं. पाण्याची तिनं मनाशी तयारी केली होती. केकची तर केलीच होती. खोलीतल्या माणसांचे खांदे जरा सैल झाले.

मग सारजाबाई आत गेली आणि चहा घेऊन आली. बशीवर ठेवलेला कप. कपावर गुलाबाची फुलं, सोनेरी कड, कान धड. आत दाट, साय धरू बघणारा दुधाचा चहा.

आठवडाभर तुळजाबाईनं साखरेचा विचार केला, लोण्याचा केला, तुपाचा केला. कुणाच्याही घरी गेलं की आधी चहा येतो हे मात्र ती साफ विसरली होती. इतकी वर्षं चहा म्हणजे कोरा, चहात दूध असतं हेच डोक्यातून गेलेलं.

"आत्ताच घेतला" म्हणावं? त्या खोलीतल्या प्रत्येक माणसानं आयुष्यभर ऐकलेलं वाक्य होतं ते. "पित्त व्हतं" म्हणावं? कप सारजाबाईच्या हातात तसाच राहिला. जया दाराशी मित्रूला कडेवर घेऊन उभी होती, आणि आईकडे बघत होती. तशीच, पूर्वी एकदा कोंडीरामच्या खांद्यावरून बघितलं होतं तशी.

सारजाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "आतला कप हाय. वळचनीचा न्हाई."

कुणाला काही कळलं नाही, कळायचं तिला कळलं. तुळजाबाईनं दोन्ही हात पुढं करून कपबशी घेतली. "द्या, विहीणबाई," ती म्हणाली. जन्मभर जिला 'सारजे' म्हटलं होतं तिला. मग तिनं चहा बशीत ओतला आणि प्याली. पहिला घोट घशाखाली उतरताना तिनं मनात देवीला म्हटलं, गेलं बाई, गेलं सगळं. दुसऱ्या घोटाला दुधाची चव लागली. सगळा चहा संपवून तिनं कप खाली ठेवला तेव्हा सारजाबाई अजून समोर उभीच होती. "आनखी घ्या थोडा," ती म्हणाली, आणि वळून आत गेली ती डोळे पुसत.

केक कापला. मित्रूनं आजीला भरवला, नाकाला लावला. पोरं फुलातल्या डाळिंबावर तुटून पडली. जयानं कडेचं पांढरं बोटानं निपटलं, चाटलं आणि थांबली. "आये, ह्यात लोनी न्हाई."

"न्हाई."

संध्याकाळच्या गाडीला जया पोचवायला आली तेव्हा थांब्यावर तिनं विचारलं, "लोनी का घातलं न्हाईस?"

तुळजाबाईनं सांगितलं. देवीपुढं घेतलेली सगळी नावं सांगितली, वनस्पतीचा डबा सांगितला. जरा हसतच सांगितलं, लेक हसेल म्हणून. जया हसली नाही. मित्रू तिच्या खांद्यावर झोपली होती.

"म्हंजी आज च्या पिलीस, त्यो नवस मोडून?"

"व्हय."

"म्या येईस्तवर सोडलं व्हतंस?"

"व्हय गं."

"आन् म्या हितं रोज माल्याची गाडी बगत व्हते. कंदी तरी उतरशील म्हून." जयानं लांब रस्त्याकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच तुळजाबाईला सोसेना. "सोडायचाच व्हता तर उंबरा सोडायचा व्हतास, आये. दूद कशाला सोडलंस?"

गाडी आली. जयानं तिच्या हातात स्टीलचा एक डबा दिला. केकचा डबा केकासकट तिथंच राहिला होता. "सासूबाईंनी खीर दिलीया," ती म्हणाली. खिडकीतून तुळजाबाईनं "घरी ये" म्हणायला तोंड उघडलं तोवर गाडी हलली. नुसतं तोंड हललेलं जयानं पाहिलं असावं. तिनं हात केला.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. गोजराबाईनं कुंपणावरून विचारलं, "कुटं गेल्ती?" तुळजाबाई म्हणाली, "लेकीकडं." गोजराबाई पुढचं विचारायचंच विसरली.

तिनं कुलूप काढलं, कंदील लावला. घर तसंच होतं, सकाळी निघताना ठेवलेली परातसुद्धा तशीच. नवस होता तोवर निदान तो होता घरात. आता तोही नव्हता, आणि त्याच्यावर घालवलेली वर्षं कुणाकडून परत मागायची तेही कळत नव्हतं. तिला फार एकटं वाटलं, कोंडीराम गेला त्याहून.

खिरीचा डबा तिनं उघडला. दूध, गहू, गूळ, वेलदोडा. आता बघायला कुणी नव्हतं. कोंबडीपुढं ओतली असती तरी कुणाला कळलं नसतं, आणि खाल्ली तरी कुणाला दिसणार नव्हती. ती डबा घेऊन उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. तिनं लहानपणी जयाला त्यासाठी धपाटे घातले होते. अर्धी बाहेर, अर्धी आत अशी बसून तिनं सारजाबाईच्या हातची खीर बोटानं निपटून शेवटपर्यंत खाल्ली.

डबा धुताना बुडाला कोरलेली अक्षरं बोटाला लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण हे नाव तिला ओळखू येत होतं. जया शाळेत जायला लागली तेव्हा चुलीच्या कोळशानं घरभर तेच लिहीत सुटली होती. क्षणभर तिच्या मनात आलं, नाव तर आलं की उंबऱ्याच्या आत. मग तिचं तिलाच हसू आलं. नावाला नाव लावायचे खेळ आता पुरे झाले. पोरगी भुकूमला होती, आणि तिकडे गाडी जात होती.

डबा वळचणीला नेऊन ठेवायचा विचारही तिच्या मनात आला नाही. पुसून तिनं तो मांडणीत आपल्या भांड्यांच्या रांगेत ठेवला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात काय भरून न्यावं, आणि कोणत्या वारी जावं, याचा विचार करत ती कंदिलाजवळ बसली.